मांडवातली उडी

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला एखादा पाहुणा आला नाही तर चालून जातं, हळदीला आला नाही तर वर्षभर तोंड फिरवतात. अंगणात मांडव, मांडवात डीजे, एका कडेला जेवणाची पंगत आणि मधे नाचायला मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत माझ्या मुलीने लहानपणापासून उड्या मारल्या, आणि त्या मी मारायला लावल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तिच्या पदकांबद्दल लिहिताना मला मोठेपणा घ्यायचा मोह होईल.

माझी मुलगी जिम्नॅस्ट होती. व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम आणि फ्लोअर, या चार प्रकारांत ती महाराष्ट्राकडून खेळली, पुढे भारताकडून खेळली. आमच्या भागात हा खेळ कुणाला माहीत नव्हता. कबड्डी, क्रिकेट, फार तर कुस्ती. माझ्या थोरल्या भावाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे सर्कशीत जानार काय?" मी हसलो, पण मलाही त्यापेक्षा जास्त काही ठाऊक नव्हतं. मी राहनाळला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. गाड्या लावायच्या, माल उतरवून घ्यायचा, पावत्या बघायच्या. घर नारपोलीत, मूळ गाव दिघाशी, थोरला भाऊ तिथेच. यात जिम्नॅस्टिक्स कुठून येणार?

ते आलं शाळेच्या क्रीडादिनाला. ठाण्याहून जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मुलगी तेव्हा पहिलीत होती आणि मैदानाच्या कठड्यावरून धावत होती, कारण खाली तिला रांगेत उभं राहायचं नव्हतं. मॅडमनी तिला खाली उतरवलं, खांदे दाबले, पाठ वाकवून बघितली, पावलं हातात घेऊन वळवली. बाजारात बैल बघतात तसं. मग मला विचारलं, "तुम्ही दोघं नवरा-बायको एवढेच उंच?" मी जरा ओशाळून हो म्हणालो. मॅडमना फार आनंद झाला. माझ्या ठेंगणेपणाचा कुणाला आनंद झाल्याचा तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग.

तेव्हापासून रोज मोटरसायकलवरून ठाणे, मॅडमच्या हॉलमध्ये. अंजूरफाट्याला कंटेनर अडकले की कशेळीच्या पुलापर्यंत रांग. येताना ती मागे बसल्या बसल्या झोपायची, म्हणून बायकोची ओढणी मी तिच्या पाठीमागून घेऊन माझ्या पोटावर गाठ मारायचो. सिग्नलला लोक बघायचे. तिचं डोकं माझ्या पाठीला लागलेलं असायचं आणि शर्टावर तिच्या हातांची पांढरी पावडर. बार्सच्या दांड्यांवर हात घसरू नये म्हणून ती पावडर लावतात. तरी तळवे फाटायचेच. बायको घरी तूप लावून बसायची आणि मला म्हणायची, "अहो, पॉवरलूमवर काम करणाऱ्यांचे हात असे नसतात."

खरी अडचण तळव्यांची नव्हती, कपड्यांची होती. या खेळात मुली अंगाला घट्ट बसणारा, पाय उघडे राहणारा पोशाख घालतात. तिचा पहिला फोटो पेपरात आला, आणि मी तो कौतुकाने गावी नेला. भावाने बघितला, घडी घातली, उशीखाली ठेवला. नंतर वहिनीकडून कळलं, गावात बोलणं चाललंय की हा पोरीला अर्ध्या कपड्यांत नाचवतो. मला वाटलं, आता दादा म्हणेल बंद कर, आणि त्याने तसं म्हटलं तर मी बंद करेन. मी त्याच्या शब्दाबाहेर कधी गेलो नव्हतो.

त्याच सुमारास चुलत बहिणीच्या घरी हळद होती. मुलीने नुकतंच राज्याचं पदक आणलं होतं. भाऊ म्हणाला, "मेडल काय, कुनी पन गल्यात घालंल. उडी दाव म्हनावं." मी तिच्याकडे बघितलं. ती फ्रॉकमध्ये होती, आत हाफ पॅन्ट. डीजेवाल्याने गाणं थांबवलं, बायका मागे सरकल्या, गोल झाला. ती दोन पावलं धावली, हात टेकले, उलटी झाली आणि हवेत गोल फिरून दोन पायांवर उभी राहिली. क्षणभर कोणी काही बोललंच नाही. मग असा आवाज झाला की बांधलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. भावाने तिला खांद्यावर घेतलं. "माजी पुतनी हाय ही! माजी!"

त्या दिवसानंतर कपड्यांबद्दल कुणी बोललं नाही. मी माझ्या बुद्धीने सौदा ओळखला. माणसांना मांडवात उडी द्यायची, म्हणजे ती हॉलमध्ये आपल्या पोरीला मोकळं सोडतात. एका हळदीची दुसरीला खबर लागली. आमंत्रण द्यायला आलेला माणूस अक्षता देतानाच म्हणायचा, "पोरीला घिऊन ये बरं का." डीजेवर नाव पुकारलं जायचं, "आता येनार, आपल्या तालुक्याची शान!" आणि गोल व्हायचा.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. मला हॉलमध्ये नेलं, फ्लोअरवर बूट काढून उभं केलं आणि म्हणाल्या, "उडी मारा." मी मारली. खालून स्प्रिंगने मला वर ढकललं. "याच्यावर आम्ही जाड गादी टाकतो, तरी आठवड्याच्या उड्या मोजून मारू देतो. तुमच्या मांडवात खाली काय असतं?" मी म्हणालो, "कार्पेट." "कार्पेटच्या खाली?" मी बूट शोधायला लागलो. पेव्हर ब्लॉक असतात, कोबा असतो, कधी नुसती धोपटलेली माती. मी पुन्हा करणार नाही असा शब्द दिला. पुढची हळद सख्ख्या मेव्हण्याची होती. शब्द मोडला.

ती चांगली खेळत गेली. हे लिहिताना मला अजून आनंद होतो, तो लपवत नाही. बीमवर ती सगळ्यांत चांगली होती. बीम म्हणजे तळहाताएवढी रुंद लाकडी पट्टी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. त्यावर ती धावायची, उलटायची, एका पायावर गिरकी घ्यायची. सकाळी शाळा, दुपारी हॉल, ताटात भात मोजका. रविवारी घरात बोंबलाचं कालवण शिजलं की ती नुसता वास घ्यायला ओट्यापाशी उभी राहायची आणि आईला म्हणायची, "मी काय खात नाय, बघतेय फक्त." राष्ट्रीय शिबिरात गेली तेव्हा आम्ही तिला महिनोन्‌महिने फोनवरच बघितलं.

ती सोळा वर्षांची असताना एका हळदीत तिचा पाय मुरगळला. शिबिरातून चार दिवसांसाठी घरी आली होती. दमली होती, जायचं नाही म्हणत होती. मी म्हणालो, "नुसतं तोंड दाखवून येऊ." मला माहीत होतं, नुसतं तोंड दाखवून कुणी येऊ देणार नाही. कार्पेटवर हळदीचं पाणी सांडलेलं होतं आणि कार्पेट खालच्या कोब्यावरून सरकलं. ती उतरली, हसली, हात वर केले, टाळ्या घेतल्या आणि चालत माझ्यापर्यंत आली. माझ्या खांद्याला धरून हळूच म्हणाली, "पप्पा, घरी चला."

घोटा सुजला होता. भारताच्या संघाची निवड तोंडावर होती. मी चुना-हळद गरम करून लावली आणि तिला सांगितलं, "मॅडमना बोलू नको. नाव कापतील." ती नाही बोलली. पट्टी बांधून खेळली आणि संघात आली. मला वाटलं, आपण बरोबर केलं.

परदेशात ती बीमच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. आम्ही ते गोडाऊनमध्ये फोनवर बघितलं, मागे हमाल उभे, लोडिंग थांबवलेलं. ती सगळं सुंदर करून शेवटी खाली उतरली आणि दुखऱ्या पायावर तोल जाऊन एक पाऊल बाजूला पडलं. त्या पावलाचे गुण कापतात. हमालांनी टाळ्या वाजवल्या. मी तेवढं पाऊल बघत राहिलो. पुढच्या स्पर्धांतही उतरताना ते पाऊल पडत राहिलं. मग डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे काढले, आणि घोट्यात जुनी इजा असल्याचं मॅडमना तिथे कळलं. ऑपरेशननंतर ती आणखी थोडी खेळली. बाविसाव्या वर्षी थांबली. या खेळात ते काही लहान वय नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. रात्री मात्र मला ते पटत नाही.

थांबल्यावर ती राहनाळलाच एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचला लागली. घरात पदकांचा विषय निघाला की उठून जायची. मीही काढत नसे. असंच चाललं असतं, पण आमच्या गोडाऊनशेजारची शेड रिकामी झाली. एकदा डबा घेऊन ती माझ्याकडे आली होती. जेवता जेवता आत डोकावली, वर पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, याला मधे खांबच नाहीत."

मालक भला माणूस. शेड भाड्याने जाईपर्यंत मागचा भाग वापरा म्हणाला. गोडाऊनांमध्ये पॅकिंगचा फोम ढिगाने फेकतात. आम्ही तो गोळा केला, ठोकळे कापले, पोत्यांच्या कापडाच्या खोळी शिवल्या. मॅडमनी जुन्या गाद्या आणि एक बीम पाठवला. मुलगी नोकरीवरून सुटली की तिथे शिकवायला लागली. नारपोली, राहनाळ, आसपासच्या पाड्यांतल्या मुली यायला लागल्या. मी दार उघडायचो आणि गाद्या लावायचो.

त्यात मी एक त्रास होऊन बसलो. कोणी बीमवर चढलं की मी खाली हात पसरून उभा. "सांभाळ गं, सावकाश गं." एका संध्याकाळी मुलीने मला बाजूला नेलं.

"पप्पा, तुम्ही बाहेर बसा."

"का? मी काय केलं?"

"तुमचा चेहरा. पोरी खाली बघतात तर तुम्ही असे उभे, जसं कोणी मेलंय."

मी बाहेर बसायला लागलो. आत उडीचा आवाज आला की श्वास धरायचो. पण तिचं बरोबर होतं. मुली माझ्याशिवाय जास्त नीट उतरत होत्या.

या वर्गात एका टेम्पोवाल्याची मुलगी होती. दहा वर्षांची, काटक, एक गोष्ट दोनदा सांगावी न लागणारी. माझी मुलगी तिच्याबद्दल बोलायची तेव्हा तिच्या आवाजात जुनं काही तरी परत आल्यासारखं वाटायचं. लग्नसराई सुरू झाली आणि एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरला. मांडव, डीजे, गोल, आणि मधे ती मुलगी. धावली, हात टेकले, उलटली, उतरली. लोकांनी खाली लिहिलं होतं, वाघीण. माझ्या मुलीने तो व्हिडिओ उभ्यानेच बघितला आणि फोन माझ्या हातात दिला. "खाली बघा. कोबा आहे."

तिने पालकांना बोलावलं आणि नियम सांगितला. हॉलबाहेर उडी नाही. हळद असो, वाढदिवस असो, कुणीही सांगो. जी मारेल तिने वर्गात यायचं नाही.

शेडमध्ये एकच गलका झाला. टेम्पोवाला उठला. "ताई, रागावू नका. पन दाखवायचं न्हाय तर शिकायचं कशाला? माजी आई म्हनत होती, पोरगी बिघडली. त्या रात्री नातीला उडताना बघितली, आता सोता डब्बा भरून देते." मागून एक बाई म्हणाली, "नाहीतर घरवाले पाठवणारच नाहीत, ताई. बोलना आसान है." तो माझाच जुना सौदा होता. मला तो पाठ होता.

 मुलीकडे याचं उत्तर होतं, पण ती ते देणार नव्हती, कारण त्यात माझं नाव आलं असतं. मग मी उठलो. मुरगळलेला घोटा, चुना-हळद, "मॅडमना बोलू नको", सगळं सांगितलं. मध्ये मला रडू आलं आणि ते आवरेना. एका आजोबांनी पाणी दिलं. टेम्पोवाला खाली बघत होता.

येताना मोटरसायकलवर ती मागे बसली होती. अंजूरफाट्याला गाड्या अडकल्या तेव्हा म्हणाली, "आज सगळं बोललात, पण एक तुम्हाला माहीतच नाही. मला आवडायचं ते."

"काय?"

"हळदीत उडी मारायला. हॉलमध्ये कोण टाळ्या वाजवतं? मांडवात सगळे गप्प व्हायचे आणि मग ओरडायचे. पाय मुरगळला त्या दिवशीपण मी तुमच्यासाठी नव्हती मारली, टाळ्यांसाठी मारली. मॅडमना मीपण बोलू शकले असते. मला जायचं होतं संघात."

"तू लहान होतीस."

"लहान होते, येडी नव्हते. तुम्ही सगळा दोष एकटेच घेऊन बसता. मला त्यातलं काही ठेवतच नाही."

मागचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला म्हणून मी गाडी पुढे काढली. 

काही मुली यायच्या बंद झाल्या. टेम्पोवाल्याची मुलगी येत राहिली, पण तो रोज दारात सोडताना मला म्हणायचा, "बघू, सायेब. घरात बोलनं चालू हाय." आणि मग माझ्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. टेम्पोवाला वहिनीच्या माहेरच्या नात्यातला निघाला. म्हणजे तो आणि त्याची आई दिघाशीला हळदीला असणार. आमच्या घरातच नियम मोडला तर तो बाहेर कोण पाळणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी आधीच जाऊन भावाला सांगितलं, "दादा, या वेळी उडी नाही. पोरीचीपण नाही आणि तिच्या मुलींचीपण नाही."

तो मांडवाचे बांबू मोजून घेत होता. थांबला. "माज्या पोराच्या हळदीला न्हाय?"

"नाही."

"तू सांगतंस का ती?"

"मी सांगतोय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू बांबूच बोलला. मग "बघू" म्हणून पुढे गेला. पन्नाशी जवळ आली तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नाही म्हणालो होतो.

हळदीच्या संध्याकाळी अंगण भरलं. सूर्य अजून मावळला नव्हता तरी डीजे छाती हलवत होता. नवरदेव पिवळा झाला, बायकांनी एकमेकींना पिवळं केलं. आणि मग गाणं थांबलं. माईकवर भावाचा मित्र. "आता येनार, जिची सगले वाट बघतात, आपल्या तालुक्याची शान!" मी भावाकडे बघितलं. तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

बायका मागे सरकल्या. गोल झाला. फोन वर गेले. टेम्पोवाला आपल्या आईला पुढे घेऊन आला, पोरगी त्याच्या हाताला. मी माईककडे निघालो, पण माझ्या आधी माझी मुलगी गोलात गेली. साडीचा पदर तिने कमरेला खोचला.  तिने खाली कार्पेटकडे बघितलं, डीजेवाल्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली, लाव गाणं.

गाणं लागलं आणि ती नाचायला लागली.

काय सांगू, इतकं वाईट नाचताना मी कुणाला बघितलं नाही. हात सरळ, पाठ ताठ, बोटं टोकदार, जसं समोर पंच बसलेत. ताल एकीकडे, ती एकीकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातल्या हळदीत ही पोर कधी नाचलीच नाही. उडी झाली की मी तिला घरी नेऊन झोपवायचो, सकाळी हॉल असायचा. लोक उडीची वाट बघत राहिले. मग कुणी तरी खुदकन हसलं. वहिनी कंबरेवर हात ठेवून ओरडली, "अगं बाय, तुला देवानं कंबर दिली का न्हाय?"

"दिलीय काकी, कोनी वापरायला शिकवली न्हाय!"

असा हशा पिकला की डीजेही ऐकू येईना. वहिनी आत शिरली, तिची कंबर दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी करायला लागली. माझी बायको गेली. टेम्पोवाल्याच्या आईने एक बोट हनुवटीला लावलं. "ही परदेशात गेल्ती?" टेम्पोवाला म्हणाला, "हीच." म्हातारी म्हणाली, "मंग आपली परवडली," आणि नातीला पाठीवर थापटी मारून आत ढकललं. ती पोरगी धावत गेली. मी नकळत हात पुढे पसरले. पोरीने माझ्या मुलीचे दोन्ही हात धरले आणि नुसती उड्या मारत नाचू लागली, जशी सगळी पोरं नाचतात.

वहिनीच्या माहेरच्या बायका आल्या, पोरं आली, फोन खिशात गेले. थोड्या वेळाने मधे मोकळी जागा उरलीच नाही. बघायला बाहेर खुर्च्यांवर फक्त मी आणि भाऊ राहिलो होतो. तो म्हणाला, "उडी बरी मारायची रे ती." मी म्हणालो, "हो दादा. फार बरी मारायची." 

मग ती गर्दीतून लंगडत बाहेर आली, घामाने भिजलेली, गालाला हळद. मी उठणार होतो, पण ती माझ्याकडे आली नाही. भावासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "काका, पाय दुखतोय माझा. खुर्ची द्या."

भाऊ स्वतः उठला. आपली खुर्ची तिच्यापुढे ठेवली, आणि दुसरी आणून तिचा पाय उचलून त्यावर टेकवला.